ठोक्याच्या तांबोट्या

माझ्या धाकट्या भावाला सगळं गाव ठोक्या म्हणायचं. मीसुद्धा. आईने हौसेनं ठेवलेलं नाव सरकारी कागदावर तेवढं उरलं होतं, आणि त्या नावाने कुणी हाक मारलीच तर हा मागे वळून बघायचा, कुणाला बोलावतायत म्हणून.

आमच्या तळ्यावर मासे धरायची एक रीत आहे. जाळं अर्धगोल सोडायचं, त्याच्या तोंडाशी होडी न्यायची आणि होडीच्या कडेच्या फळीवर दांडक्याने ठोकायचं. लाकडाचा आवाज पाण्यात फार लांब जातो. मासा बिचकतो, आवाजापासून पळतो, आणि पळतो तो थेट जाळ्यात. जाळं टाकणारे पुष्कळ असतात, वल्हवणारे तर रस्त्यावर सापडतात, पण ठोकणारा चांगला मिळणं कठीण. नुसतं बडवलं तर मासा खाली गाळात बसतो आणि हलत नाही. त्याला घाबरवायचं, पण जागा सोडावीशी वाटेल इतपतच. माझ्या भावाच्या हाताला ते बरोबर कळायचं. दोन ठोके संथ, मग एक झटक्यात. टक्, टक्, टटक्. लहानपणी वडिलांच्या होडीत बसून शिकला तो ठोका, आणि मग तो हात काही थांबला नाही. जेवताना ताटाच्या कडेवर, आजारपणात खाटेच्या माचव्यावर, माझ्याकडे आला की दाराच्या चौकटीवर. मी आतून म्हणायची, "ये रे, मासा पळाला." त्याच्या लग्नात पाहुणे बसलेत, सगळं शांत, आणि नवरदेव खुर्चीच्या हातावर टक्, टक्, टटक्. भावजय आजही सांगते, "वन्सं, मला वाटलं यांना माझी घाई झालीय. पुढे कळलं, यांना कशाचीच घाई नसते, फक्त हाताला असते."

त्या हाताची ही गोष्ट आहे. आणि तांबोटीची.

तांबोटी म्हणजे आमच्या तळ्यातला मासा. वीतभर लांबीचा, पाठीला शेवाळी, आणि पोटाखाली घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी झाक. मोजणीबाई म्हणायच्या, की असा मासा दुसऱ्या कुठल्या पाण्यात त्यांना दिसलेला नाही. या बाई कोण ते सांगते पुढे. आम्हाला लहानपणी त्याचं काही कौतुक नव्हतं. रोजचाच मासा. काठच्या लव्हाळ्यात आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहायचो, तर तांबोट्या पोटऱ्यांना गुदगुल्या करून जायच्या. ठोक्या किंचाळायचा आणि माझ्या परकराला लोंबकळायचा. पुढे ज्याच्या ठोक्याला अख्खं तळं घाबरायचं, तो एवढ्याशा मासोळीला घाबरायचा.

तांबोटी अंडी घालते ती लव्हाळ्याच्या काडीवर, पाण्याच्या आत, मोहरीसारखी चिकटवून. घालून ती निघून जाते. नर तिथे राहतो. काडीपाशी उभा राहून परांनी वारा घालत बसतो, खात नाही, हलत नाही. आमची आई चटयांसाठी लव्हाळा कापायची, पण नर काडीला राखण बसलेला असेल त्या दिवसांत विळा घरात टांगलेला असायचा. "बाप बसलाय तिथं," म्हणायची. "उठू दे त्याला, मग कापू." सगळ्याच बायका तसं करायच्या. कुणी नियम केला नव्हता. विळा न्यायला लाज वाटायची, एवढंच.

मग तळ्यात चिलापी आली, बाहेरची मासळी. कुणी तरी आणून सोडली, लवकर वाढते म्हणून. वाढली खरी. काहीही खाते, कुठेही राहते, दुसऱ्याची अंडी तर तिला फारच आवडतात. आमच्या चुली तिच्यावर चालल्या, खोटं कशाला बोलू. पण जाळ्यात तांबोटी कमी दिसायला लागली. पाठोपाठ गावाला वाटलं, तळ्याला काठ हवा. फिरायला रस्ता, बसायला बाकं, संध्याकाळचे दिवे. लव्हाळा उपटला, गाळ काढला, दगडाची भिंत सरळ पाण्यात उतरवली. फार छान दिसतं, मीही त्या बाकांवर बसते. पण दगडाला अंडी चिकटत नाहीत. आणि ज्या बायका विळा टांगून ठेवायच्या, त्यांना आता विळ्याचं कामच राहिलं नाही. चटया दुकानात प्लॅस्टिकच्या मिळतात.

एकदा ठोक्या माझ्याकडे आला तो चौकटीवर न ठोकता. मी म्हटलं, काही तरी बिनसलंय.

"आक्का, आज जाळं ओढलं. सगळी चिलापी. मधे एकच तांबोटी. एकटी."

"मग?"

"सोडली परत. तर चेअरमन हसतोय. म्हणतो, ठोक्या म्हातारा झाला, मासे सोडायला लागला. उद्या जाळ्याला नमस्कार करेल."

चेअरमन म्हणजे मच्छीमार सोसायटीचा. होड्या त्याच्या हुकमावर निघायच्या. माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडाला दार नाही.

"आयुष्यभर मीच हाकलल्या ना त्या जाळ्यात," ठोक्या म्हणाला. "चिलापी नंतर आली. भिंत तर कालची. त्याच्या आधीपासून मी ठोकतोय."

मी चहा टाकला. अशा वेळी मी चहाच टाकते. दुसरं काय करणार?

त्याच सुमाराला मोजणीबाई आल्या. मत्स्यखात्यातल्या. डोक्याला टोपी, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. त्या मासे धरायच्या, लांबी मोजायच्या, वजन करायच्या आणि परत पाण्यात सोडायच्या. भावजय म्हणाली, "एवढं धरून सोडायचं? मग धरायचं कशाला? आमच्या घरी हे असं केलं असतं, तर सासूबाईंनी मलाच मोजून परत पाठवलं असतं." बाई हसल्या. कुणी काही बोललं तर हसायच्या आणि मग कामाला लागायच्या, मला ते आवडायचं.

त्यांनीच सांगितलं, की तांबोट्या आता एकाच कोपऱ्यात उरल्यात. ओढा तळ्याला मिळतो तिथे, जिथे भिंत अजून पोचली नव्हती आणि लव्हाळ्याचा एक पट्टा शिल्लक होता. तेवढ्याने निभणार नाही, म्हणाल्या. काही जोड्या काढून राखून वाढवाव्या लागतील, आणि पिल्लं मोठी झाली की परत सोडायची. जागा हवी, पाणी हवं आणि रोज बघणारा माणूस हवा.

ठोक्याच्या घरामागे सिमेंटचा हौद होता. पूर्वी सुताची जाळी त्यात रंगात बुडवायचे. नायलॉन आल्यापासून त्यात भावजय फाटक्या बादल्या ठेवायची. ठोक्याने बादल्या काढल्या, हौद घासला, उन्हात वाळवला, तळ्याचं पाणी आणून भरलं, कुंड्यांत लव्हाळा लावून त्या पाण्यात ठेवल्या. नवीन सून घरात येणार असल्यासारखी त्याची धावपळ. भावजयीला तिथे भांडी घासायची बंदी. "साबणाचा थेंब गेला तर बघ," म्हणायचा. ती म्हणाली, "बघते की. माझ्या लग्नाला एवढी तयारी केली असतीत तर मी पहिल्या वर्षी माहेरी पळाले नसते."

बाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. "काका, त्यांना माणसाची सवय लागू द्यायची नाही. तळ्यात गेल्यावर माणूस म्हणजे धोका, हे त्यांना कळलं पाहिजे. दिसू नका त्यांना. हात लावू नका."

हे त्याने अगदी मनावर घेतलं. आमच्या घरात कुणी कुणाचं एवढं ऐकल्याचं मला आठवत नाही. हौदावर त्याने जुन्या मोडक्या होडीची एक फळी आडवी टाकली आणि तिच्यावरून चहूबाजूंनी गोणपाट सोडलं. खायला घालताना गोणपाटाचा कोपरा उचलायचा, तोही तोंड फिरवून. आपली सावली पाण्यावर पडते म्हणून उन्हाची बाजू बघून उभा राहायचा. भावजय म्हणायची, "सासऱ्यासमोर मी जेवढा पदर घेतला नाही, तेवढा हे माशांसमोर घेतात." मला मासे बघायचे असायचे. पण मला गोणपाटाला असलेल्या एका बारक्या भोकातून बघायची परवानगी होती, तीही श्वास धरून.

त्या भोकातून मी बघितलं. काडीवर मोहरीसारखी अंडी, आणि शेजारी बाप. परांनी वारा घालतोय. आईचा विळा आठवला मला. मागे बघितलं तर ठोक्या हौदाकडे पाठ करून उभा, विचारतोय, "बसलाय का गं? बसलाय का?" त्याला स्वतःला बघायचं नव्हतं. सवय लागेल म्हणून.

पिल्लं झाली. पुष्कळ झाली. डासांच्या अळ्या, गांडुळं बारीक चिरून, असलं त्यांचं जेवण. एका लाकडी पळीत घेऊन तो गोणपाटाखालून पाण्यात सोडायचा. गांडूळ चिकट असतं, पळीला धरून बसतं. मग तो पळी फळीवर आपटायचा.

टक्, टक्, टटक्.

हे लिहिताना माझा हात थांबतोय. पण तेव्हा त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. तो ठोका आमच्या घराचा आवाज होता. घड्याळाची टिकटिक कोण ऐकतं? भावजयीने चाळीस-पन्नास वर्षं तो ऐकला होता, मोजणीबाई यायच्या तेव्हा खायला घालायची वेळ नसायची, आणि त्याला स्वतःला तर आपला हात काय करतोय ते कधीच कळलं नाही. डोळ्यांचा संबंध नको म्हणून त्याने तोंड फिरवलं, सावलीचा नको म्हणून ऊन सांभाळलं. हाताचं कुणाच्या मनातच आलं नाही.

पिल्लांना पोटाची झाक यायला लागली तसं बाई म्हणाल्या, आता सोडू. त्यांनी खटपट करून ओढ्याच्या तोंडाशी भिंत थांबवली होती, आणि त्या कोपऱ्यात जाळं टाकायचं नाही असं चेअरमनकडून कबूल करून घेतलं होतं. चेअरमन म्हणाला, "एवढासा कोपरा, राहू द्या ठोक्याच्या लेकरांना." चेष्टेत म्हणाला, पण शब्द पाळला. तो त्याने शेवटपर्यंत पाळला, हे मला लिहिलं पाहिजे.

सोडायच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. बादल्या पाण्यात तिरक्या केल्या, आणि एकेक तांबोटी बाहेर येऊन क्षणभर थांबायची, मग लव्हाळ्यात शिरायची. ठोक्या वाकून बघत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने त्यांना नीट बघितलं. एकीच्या शेपटीला खाच होती, जन्मापासूनच असावी. म्हणाला, "ही तिरकी पोहते बघ. आईसारखी. आई एका खांद्याने पुढे चालायची ना?"

भावजय मला हळूच म्हणाली, "मुलगी सासरी गेली तेव्हा असे रडले नव्हते."

"तेव्हा मी रडत होते, मला दिसलं नाही," मी म्हटलं.

त्यानंतरचे दिवस त्याचे फार सुखाचे गेले. हौद कोरडा केला नाही, तसाच ठेवला, पुढच्या खेपेला लागेल म्हणून. माझ्या दाराच्या चौकटीवर ठोके परत सुरू झाले. मला म्हणाला, "आक्का, आयुष्यभर हाकलल्या, चार तरी परत आणल्या." मी म्हटलं, "चार कसल्या, बादल्या भरून आणल्यास की." लहान मुलासारखा हसला.

मग एका सकाळी तो नेहमीसारखा चेअरमनच्या होडीवर गेला. तळ्याच्या पार दुसऱ्या अंगाला, कोपऱ्यापासून लांब. जाळं सोडलं, होडी तोंडाशी आली, त्याने दांडकं उचललं आणि ठोकायला लागला. पुढचं त्याने मला कधी धड सांगितलं नाही. चेअरमनने सांगितलं, पुष्कळ नंतर, माझ्या ओट्यावर बसून, डोक्यावरची टोपी हातात घेऊन.

"ताई, चिलापी पळाली, जाळ्याकडं. तेवढ्यात मला दिसलं, काही मासे उलटे येतायत. होडीकडं. मी म्हटलं, ठोक्या, ए ठोक्या, हे बघ काय. तांबोट्या. थेट त्याच्या दांडक्याखाली. तोंडं वर करून. अशी उघडी तोंडं. हातजाळीने उचलल्या आम्ही, पळाल्यासुद्धा नाहीत. पोरं नाचायला लागली. मी वर बघितलं तर हा दांडकं धरून बसलेला, तसाच. हात वरच्या वर. म्हटलं, काय झालं रे? तर म्हणतो, त्यांना वाटलं जेवण."

मासा कोपऱ्यात ठेवला म्हणून कोपऱ्यात राहत नाही. वाढला की तळंभर हिंडतो. आणि आमच्या तळ्यावर प्रत्येक होडीत ठोकतात. बाकीच्या माशांच्या अंगात त्या आवाजाची भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. याच्या तांबोट्या जन्मल्यापासून त्या आवाजावर पोट भरत आलेल्या. ठोका पडला की धावत यायच्या, कुठल्याही होडीशी.

सोसायटीच्या वजनाच्या शेडमध्ये त्या आठवड्यात रोज तांबोटी यायची. आणि गाव आनंदात! म्हातारी माणसं मुद्दाम बघायला गेली. "तांबोटी परतली," जो तो सांगायचा. ठोक्या तिथून जाताना लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. "तुझ्यामुळं रे बाबा." एका बाईने त्याचे हात धरले, म्हणाली, माझ्या आईच्या हातची चव आठवली. तो उभा राहिला आणि मान हलवत राहिला. कुणाला सांगणार? आणि सांगून काय?

घरी आला तो रुमालात एक तांबोटी गुंडाळून. ओट्यावर ठेवली. भावजयीला वाटलं रांधायला दिली, तिने ताट घेतलं, रुमाल उघडला, आणि शेपटीची खाच बघून ताट खाली ठेवलं. मग ती बाहेर हौदापाशी जाऊन उभी राहिली. ठोक्याने ती मासोळी लव्हाळ्याच्या कुंडीत पुरली.

त्याने बाईंना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. फळी दाखवली, पळी दाखवली, ठोकून दाखवलं. बाईंनी फळीवरून हात फिरवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "काका, मी दिसू नका एवढंच सांगितलं. त्यांना ऐकू काय येतंय, ते मलाही सुचलं नाही."

मग त्या ठोक्याला घेऊन चेअरमनकडे गेल्या, ठोकणं काही दिवस थांबवता येईल का विचारायला. चेअरमन म्हणाला, "आणि मासे काय हात जोडून बोलवू? या हो, या, जाळं लावलंय." पण ठोक्याकडे बघून त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, "पहाट तुझी. होड्या उजाडल्यावर काढतो. तोवर तळं तुझं, तुला काय करायचं ते कर."

करायचं काय, तर उरलेल्यांना भीती शिकवायची. दुसरा उपाय बाईंनाही ठाऊक नव्हता. ठोका ऐकून आल्या की त्यांना इतकं दुखवायचं, की पुन्हा त्या आवाजाकडे फिरकता कामा नयेत.

तो रोज पहाटे छोटी होडी घेऊन एकटा जायचा. दांडकं आणि टोकाला चिरलेला बांबू. घरी आल्यावर आंघोळ करून भिंतीकडे तोंड करून पडायचा. भावजयीने मला गाठलं. "वन्सं, एकदा जाता का बरोबर? मला नाही म्हणतात. तुम्हाला नाही म्हणायची यांची हिंमत नाही."

गेले मी. या वयात होडीत चढताना दोन माणसांनी ढकलावं लागलं, त्यातली एक भावजय, आणि ती ढकलताना म्हणाली, "जाळ्यात सापडलात तर बाई मोजून परत सोडतील." मी हसले. ठोक्या हसला नाही.

पाणी अगदी निवळ होतं. तो वल्हवत मधोमध गेला, वल्हं आत घेतलं आणि दांडकं उचललं.

"आक्का, तू तिकडं बघ."

"मी इकडंच बघणार."

त्याने ठोकलं. टक्, टक्, टटक्. थोडा वेळ काहीच नाही. मग खालून एक तांबूस झाक वर आली, मग आणखी काही. होडीच्या कडेशी येऊन थांबल्या, फळीला तोंड लावून. मला वाटलं हात खाली करावा, म्हणजे बोटांना लागतील, लहानपणी पोटऱ्यांना लागायच्या तशा. ठोक्याने बांबू पाण्यात घातला आणि सपकन मारला. पुन्हा मारला. पाणी गढूळ झालं, तांबोट्या फुटून पळाल्या. तो थांबला. परत ठोकलं. कमी आल्या. परत मारलं. त्याचा सदरा भिजला होता, नाकातून पाणी येत होतं, ते तो पुसत नव्हता.

"येऊ नका की गं," म्हणत होता. "कशाला येताय? अक्कल नाही का तुम्हाला? येऊ नका."

तिसऱ्या खेपेला एकच आली. एक पर फाटलेला होता तिचा, आधी लागलं असणार. ती तशीच वाकडी वाकडी फळीपाशी आली आणि तोंड वर करून थांबली.

माझ्या भावाने बांबू उचलला आणि त्याच्याने मारवेना. माझ्याकडे बघायला लागला. मला आठवतो तो चेहरा, परकराला लोंबकळणारा. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला खरंच ठाऊक नाही. त्याने मारलं. ती उलटी झाली, तांब्याचं पोट वर आलं, आणि हळूहळू होडीपासून लांब गेली.

परत येताना मी वल्हवलं. जमतं मला अजून.

हे असं बरेच दिवस चाललं. रोज थोड्या कमी यायच्या. वजनाच्या शेडमध्येही कमी दिसायला लागल्या, मग दिसेनाशा झाल्या. लोकांनी थोडे दिवस विचारलं, मग सोडून दिलं. आणि एक दिवस तो परत आला आणि भावजयीला म्हणाला, "आज कुणीच आलं नाही."

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शिकल्या असतील. किंवा संपल्या असतील. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. खात्री करायची तर कोपऱ्यात जाळं टाकून बघावं लागेल, आणि उरल्या असल्या तर त्यांचे लव्हाळ्यात बसायचे दिवस हेच. काय करू, काका?

"राहू दे," ठोक्या म्हणाला. "बाप बसला असेल."

त्यानंतर तो होडीवर गेला नाही. चेअरमन बोलवायला आला, दोनदा आला. आता तिथे कुणी तरी पत्र्याचा डबा बडवतो. ठोक्या घरी असायचा, हौदाच्या कडेवर बसायचा. जेवायचा, बोलायचा, माझ्याकडे यायचा. पण दारात उभा राहून हाक मारायचा, "आक्का." एवढंच. चौकटीला हात लावायचा नाही. भावजय म्हणाली, "घर कसं बहिरं झाल्यासारखं वाटतं हो, वन्सं." आजारी पडला तेव्हा तिने मुद्दाम त्याच्या हाताशी स्टीलचं ताट ठेवलं होतं, पांघरुणावर. बोटं ताटावर पडून होती. गेला तेव्हाही तशीच होती.

परवा आम्ही दोघी फिरायला गेलो. दोघींचे मिळून दोन गुडघे धड आहेत, त्यामुळे फिरणं म्हणजे एका बाकावरून दुसऱ्या बाकावर. ओढ्याच्या तोंडाशी शेवटचं बाक आहे, तिथे बसलो. लव्हाळा चांगला वाढलाय. भावजयीने पिशवीतून ठोक्याचं दांडकं काढलं. मला न सांगता आणलं होतं. होडी बांधायचा लाकडी खांब आहे तिथे पाण्यात, त्याच्यावर तिने वाकून ठोकलं. टक्, टक्, टटक्. हुबेहूब. इतकी वर्षं ऐकलेलं, हाताला येणारच.

आम्ही पाण्याकडे बघत राहिलो. तिने पुन्हा ठोकलं. पाणी हललं नाही. काही वर आलं नाही.

भावजयीने दांडकं पदराने कोरडं केलं आणि पिशवीत ठेवलं.

"शिकल्या हो," ती म्हणाली.

"शिकल्या," मी म्हटलं.

मग तिने मला हात देऊन उठवलं.